चेष्टा समजून बाद

जुन्या शिवणयंत्रांच्या त्या ऑनलाइन गटात ती 'बॉबिन' या नावाने नऊ वर्षं होती. पोटापाण्याचं कामही तेच: घराच्या पुढच्या खोलीत, रॉकेलच्या वासासकट, मशीन दुरुस्ती. वय सदुसष्ट. गटात कुणाचं मशीन अडलं की ती एवढंच लिहायची, 'चालवा, आवाज रेकॉर्ड करा, पाठवा.' शटल घासतंय की पट्टा सैल आहे, हे ती नुसतं ऐकून कळवायची. लोक कृतज्ञतेने तिला बॉबिनराव म्हणत. तिने ते कधी सुधारलं नाही; मशीनं सुधारण्यातच दिवस जायचा.

मग गटप्रमुखांना सर्वेक्षणाची हुक्की आली. आपण सगळे आहोत तरी कोण? वय, व्यवसाय, स्त्री की पुरुष, घरात मशीनं किती आणि त्यावर घरच्यांचं मत काय. तिने सगळं खरं भरलं. आठवड्याने रंगीत तक्ता आला. उत्तरं ४१२. घरच्यांचा विरोध सोसणारे ३०७. पुरुष ४११. तळाशी बारीक टीप: 'सदुसष्ट वर्षांच्या बाई, घरी एकोणचाळीस मशीनं, असं एक उत्तर आलं होतं. चेष्टा समजून बाद केलं आहे.'

खाली अठ्ठ्याऐंशी जणांनी हसरे चेहरे टाकले होते. त्यातल्या निम्म्यांची मशीनं तिनेच चालू करून दिली होती.

"जाऊ द्या ना आई," सून म्हणाली. "त्यांच्याकडून काय बक्षीस घ्यायचंय तुम्हाला?"

"मला मोजून घ्यायचंय."

"एका आकड्याने काय अडतं?"

"मशीनचा एक स्क्रू काढून बघ, मग विचार."

तिने गटावर लिहिलं, 'ते उत्तर माझं आहे. मोजा.'

'बॉबिनराव, गंमत पुरे,' गटप्रमुखांनी समजुतीच्या सुरात लिहिलं. ती हटेना तेव्हा पुढे जोडलं, 'तसं असेल तर दोन शब्द बोलून पाठवा. आवाज ऐकून खात्री झाली की बघू.'

'बाकीच्या चारशे अकरांनी मिशा पाठवल्या होत्या का?'

जाऊ द्या म्हणणारी सून मात्र दुपारभर दर दहा मिनिटांनी हात पुसत बाहेर येत होती. "काय म्हणतायत मेले?"

दिवेलागणीला एका सदस्याने लिहिलं, 'मीही बाईच आहे. नको ते मेसेज येतात म्हणून पुरुष लिहिलं होतं. माझंही दुरुस्त करा.' पाठोपाठ दुसरी. मग एकदम चार. जेवणं उरकेपर्यंत अकरा झाल्या.

गटप्रमुखांनी जाहीर केलं, 'सर्वेक्षण आता बंद झालं आहे. तक्ता बदलता येणार नाही.'

सून तिच्या खांद्यावरून डोकावली. सासूने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, टाइप केलं:

'मग उघडा. बारा जणी दारात उभ्या आहोत.'