ओंडक्यापलीकडचा पेरू

मंडळी, आज सकाळी वॉकर घेऊन न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडकलो. उंबरा तो केवढासा, पण पाय काही उचलेना. मागून सूनबाई म्हणाली, "बाबा, खाली बघून पाऊल टाका." दिवसभर हेच ऐकतो. कंटाळा आलाय.

संस्थानांच्या विलीनीकरणानंतर काही वर्षांनी मी जव्हारला जंगलखात्यात लागलो. सूर्यमाळकडची फिरती घोड्यावरून असायची. संस्थानच्या पागेत काम केलेले इब्राहिमचाचा मला शिकवायचे. वाटेत पडलेले ओंडके घोडीला उडी मारायला लावून ओलांडायचे, आणि मी नेमका ओंडक्याकडेच बघायचो. मग माझा तोल पुढे जायचा, घोडी अडायची आणि मी तिच्या मानेवरून खाली.

"जमिनीत काय पुरून ठेवलंय रे तू?" चाचा ओरडायचे. "तू खाली बघतो, म्हणून तिलाही वाटतं, तिथं साप आहे."

शेवटी एकदा ते स्वतःच ओंडक्यापलीकडे उभे राहिले. "उडी मारताना माझ्या हातात काय आहे ते सांग."

"पेरू!" मी ओरडलो, तोवर ओंडका मागे पडला होता.

आज सूनबाईला म्हटलं, तू पलीकडे उभी राहा आणि हातात काहीतरी धर. हसली, पण उभी राहिली.

"काय आहे, बाबा?"

"गोळ्यांचं पाकीट," म्हणालो आणि उंबरा ओलांडला.

त्या दिवशी चाचांनी पेरू मलाच दिला होता. आज गोळ्याही मलाच मिळाल्या.

उद्या पेरू धर म्हणून सांगून ठेवलंय. दात नाहीत, पण समोर बघायला काय हरकत आहे?