नातेवाईकांनी बाहेर थांबावे

आमच्या एक्स-रे विभागातल्या कपाटावर कुणी न नेलेल्या फिल्मांचा ढीग आहे. किश्श्यांचंही तसंच. माणसं निघून जातात, किस्सा इथेच राहतो.

माझा पहिला आठवडा. परदेशात रेडिऑलॉजी शिकून नुकतीच नागपूरला परतले होते. फोटोवरून घरातली मारहाण ओळखायची, हेच डोक्यात. हुडकेश्वरच्या सुनीताचा उजवा हात करंगळीच्या बाजूला, कोपर आणि मनगटाच्या मधोमध मोडलेला. पडणारा माणूस तळहात टेकवतो, मग मनगट मोडतं. हे हाड बहुधा वार अडवताना मोडतं. मी तिथंच विचारलं, “कुणी मारलं?”

“न्हाणीत पडली जी ते,” शेजारून नवरा म्हणाला.

सुनीता प्लास्टर दाखवायला परत आलीच नाही. आमच्या जुन्या टेक्निशियन मेश्रामताई एवढंच म्हणाल्या, “मॅडम, प्रश्न तुम्ही तिले विचारला का त्याले?”

*

ताईंची पद्धत सोपी. दारावर पाटी आहे: नातेवाईकांनी बाहेर थांबावे. “किरणं असतात, भाऊ,” असं त्या नवऱ्याला सांगतात. दंड फुगवून आलेला गडीही दोन पावलं मागे सरकतो.

“बायकोले भेत नाही, मशीनले भेते,” दार लावता लावता ताई म्हणतात.

*

मनीषनगरच्या एक सासूबाई मात्र हलेनात. “मी सुनेले सोडून जात नसते.”

ताईंनी किरणं अडवणारा शिशाचा जड एप्रन त्यांच्या गळ्यात अडकवला आणि सावकाश मशीन पुसत बसल्या. थोड्या वेळानं सासूबाईच म्हणाल्या, “बाहेर बाकडं आहे काय वं?”

*

सहा महिन्यांनी सुनीता पुन्हा आली. बरगडी दुखत होती. नवरा सोबत होताच. ताईंनी त्याला पाटी दाखवली आणि दार लावलं.

या वेळी मी काही विचारलं नाही. फोटो स्क्रीनवर लावला आणि बोट ठेवलं. “हे फ्रॅक्चर नवीन. ही दोन जुनी, भरून आलेली. रिपोर्टमध्ये सगळं लिहीन.”

ती स्क्रीनकडे वाकली. “भरून आलं तरी दिसते?”

“दिसतं.”

“त्याले माहीत आहे काय हे?”

“नाही.”

तिनं मेश्रामताईंकडे पाहिलं. “त्याले बाहेर किती वेळ बसवता येते?”

“तू म्हणशील तोवर.”

सुनीतानं बांगड्या कोपराकडे सारल्या आणि न दुखणारा डावा हात टेबलावर ठेवला. “मंग याचाबी काढा. हा लग्नाच्या पहिल्या सालचा आहे.”