चपला राखणारी

डी.एड.च्या पाठाची एक गंमत आहे. शिकवायचं असतं ज्यांना येत नाही त्यांना, आणि निरीक्षकांना दाखवायची असतात ती मात्र ज्यांना आधीच येतं ती पोरं. उर्वशी राठोडला ही गंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती तिच्या स्वतःच्याच लहानपणी घडून गेली होती.

फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरच्या शाळेत तिची आंतरवासिता चालली होती, म्हणजे खऱ्या वर्गात खऱ्या पोरांना शिकवून हात बसवायचे दिवस. दुसरीचा वर्ग, तेवीस पोरं. वर्गाच्या इंदू मॅडम मायाळू. आपल्या डब्यातली अर्धी भाकर रोज हिच्यापुढं सारायच्या. पोरंही गोड होती. उर्वशीला मात्र त्यातलं फारसं काही जाणवत नसे. सकाळी यायचं, हजेरी घ्यायची, पाठाचं टाचण लिहायचं, संध्याकाळची एसटी धरायची. आपण दगड झालोय की काय, असं तिला कधी कधी वाटे, आणि तेही नीटसं वाटत नसे.

एवढ्या दिवसांत एकच गोष्ट तिच्या आत हलली. शेवटच्या ओळीतल्या सोनूला दशक-एकक काही केल्या उमगत नव्हतं. मग उर्वशीनं तिला शेतातल्या तुराट्या आणायला सांगितल्या. बोटाएवढे तुकडे करायचे, दहा झाले की चिंधीनं जुडी बांधायची. सोनू अतोनात हळू. एकेक काडी ओठाला लावून मोजायची. तीन आठवड्यांनी तिनं तीन जुड्या आणि चार सुट्या काड्या पुढं ठेवल्या आणि म्हणाली, "चौतीस."

त्या दिवशी उर्वशीला आनंद झाला. त्या भरात ती बोलून गेली, "माहा पाठ राहीन ना, त्या दिवशी फळ्यापाशी तूच येजो."

वार्षिक पाठाच्या सकाळी सोनू डोक्याला तेल चोपडून, लाल रिबिनी बांधून आली. जुड्यांची पिशवी तिच्याच मांडीवर. इंदू मॅडमनी उर्वशीला खिडकीपाशी नेलं.

"पाठ पस्तीस मिनिटांचा. तिले एका उत्तराले पाच मिनिटं लागतात. सरायपुढं अडकली तं मार्क तुहे जातीन, तिचे नाही."

"मॅडम, तिले येते."

"येते, पण वख्तावर येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. कच्ची पोरं बाहेर बसवतोच आपण. आमच्या पाठालेही असंच होतं."

उर्वशीला यावर बोलता आलं असतं. तिच्या तांड्यावरच्या शाळेत साहेब आले की गुरुजी दुसरीतल्या उर्वशीला ओट्यावर बसवत, चपला राखायला. कुत्रं चप्पल पळवतं, लक्ष ठेव, म्हणत. पुष्कळ वर्षं तिला ते मानाचं काम वाटत होतं. नसतं, हे कळलं तेव्हा ती रडलीही नव्हती. आता हे सगळं तिला आठवलं, पण दुसऱ्या कुणाचं आठवावं तसं. ती सोनूजवळ गेली आणि तिच्या तोंडून गुरुजींचंच वाक्य निघालं.

"सोनू, बाहेर बस. चपला राख. कुत्रं नेते."

सोनूनं पिशवी तिच्या हातात दिली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

पाठ झकास झाला. सोनूच्याच जुड्या घेऊन गोविंदानं चटकन चौतीस करून दाखवले. निरीक्षक सरांनी 'साहित्य उत्तम' असा शेरा लिहिला आणि ते बूट घालायला बाहेर आले. मागोमाग उर्वशी. ओट्यावर चपलांच्या ओळी लागल्या होत्या. एका ओळीत दहा जोड, दुसरीत दहा, आणि बाजूला, सरांचे बूट धरून, सहा जोड सुटे.

"सव्वीस," सोनू म्हणाली.

सर लेस बांधत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. उर्वशीला गेलं. तिनं मान हलवली. आनंद झाला नाही, लाजही वाटली नाही. सर निघून गेल्यावर तिनं पोरांना पाणी प्यायला सोडलं.

सोमवारी केंद्रप्रमुखांची मोटारसायकल फाटकात शिरली. उर्वशी फळ्यावर तारीख लिहीत होती. कुणी काही म्हणायच्या आत सोनू उठली. पाढ्यात अडणारा हिरासिंग शेजारी होता, त्याचा तिनं हात धरला.

"चाल," ती हळूच म्हणाली, "आपल्याले चपला राखाच्या हायेत."

दोघं दाराबाहेर गेली. उर्वशीनं हाक मारायला तोंड उघडलं. मग वळून तिनं फळ्यावरची तारीख पुरी केली.

"पाह्य कशी शहाणी हाये," इंदू मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "सांगा लागत नाही."

लहानपणी उर्वशीलाही सगळे शहाणीच म्हणायचे.