हिंगाच्या डबीतल्या दोन चिठ्ठ्या

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फारसं काही नाही. अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या वाचनालयातली तळमजल्यावरची एक खोली. घडीच्या बारा खुर्च्या, लांब टेबल, त्यावर चहाचा थर्मास आणि डब्यात चिवडा. काचेपलीकडे फेब्रुवारीचा बर्फ, गाड्यांच्या धुरानं कडेकडेनं काळवंडलेला. वर्ष दोन हजार सहा, शनिवार, दुपारचे अडीच. डाव्या विंगेतून शैलजा बाई प्रवेश करतात. निळी सुती साडी, वर सुनेचा जुना फुगीर कोट, पायांत सुनेचेच बर्फाचे बूट, आणि दोन्ही हातांत धरलेली हिंगाची रिकामी डबी. टाळी पडावी अशी एंट्री. पण प्रेक्षक अजून पार्किंगमध्ये बर्फातून वाट काढत होते.

बाई नागपूरच्या मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. एकतीस वर्षं. नवरा गेल्यावर मुलानं, राजसनं, त्यांना इकडे आणलं. ग्रीन कार्ड झालं, पाच वर्षं झाली, आता नागरिकत्वाचा अर्ज गेला होता आणि जूनमध्ये मुलाखत होती. पण इथे सगळे त्यांना अजून बाईच म्हणत. मुलाखतीची तयारी म्हणून त्यांनी फ्रिजवर शंभर प्रश्नांचा कागद लावला होता. तो त्यांना आठवड्यात पाठ झाला. पाठ झाल्यावर मग काय करायचं, हा खरा प्रश्न होता, आणि तो कागदावर नव्हता.

म्हणून त्यांनी वाचनालयात महिन्यातून एकदा मराठी ज्येष्ठांचा कट्टा सुरू केला. सुरुवातीला तब्येतीच्या गप्पा झाल्या, मग पाककृतींच्या. तिसऱ्या महिन्यात बाईंनी हिंगाची डबी काढली.

नागपूरला शाळेत असंच चाले. विषय फळ्यावर लिहायचा, 'सभागृहाचे असे मत आहे की' अशी सुरुवात करून. डबीत दोन चिठ्ठ्या, एकीवर अनुकूल, एकीवर प्रतिकूल. जी हाताला येईल ती बाजू जीव तोडून मांडायची. आणि बाईंचा एक पक्का नियम होता: वादानंतर कुणी कुणाला 'तुझं खरं मत काय' असं विचारायचं नाही. मत घरी ठेवायचं, बाजू सभागृहात आणायची.

त्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये पेट्रियट कायद्याच्या मुदतवाढीवरून रण माजलं होतं. सरकार लोकांचे फोन ऐकतं, कोण कुठलं पुस्तक नेतं तेही मागू शकतं, अशा बातम्या रोज येत. बाईंनी एक वही घातली. तिच्यात प्रत्येक पुढाऱ्याला एक पान. स्वातंत्र्यावर तो भाषणात काय बोलला ते डावीकडे, मतदानात त्यानं हात कुठे वर केला ते उजवीकडे. दोन्ही बाजू जुळणारी पानं वहीत थोडी होती.

या वहीचा दुसरा वाचक एकच. जगन्नाथराव. पुण्याचे, टपाल खात्यातून निवृत्त, धाकट्या मुलाकडे राहायला आलेले. पत्नी इकडे येण्याआधीच वारलेली. इतर मंडळी चिवडा संपेपर्यंत ऐकत, जगन्नाथराव मात्र पान उलटून विचारत, "बाई, या गृहस्थानं ऑक्टोबरात हात वर केला आणि डिसेंबरात खाली घेतला. मधे काय झालं?"

"निवडणूक जवळ आली."

"मग हात कसला म्हणायचा? वाऱ्याची कोंबडी!"

कट्टा महिन्यातून एकदा होता, पण हे दोघे दर मंगळवारी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी भेटू लागले. अशाच एका मंगळवारी जगन्नाथरावांनी त्यांना धाकट्या भावाची, श्रीरंगची, गोष्ट सांगितली. आणीबाणीत श्रीरंग चौदा महिने तुरुंगात होता. सुटून आला तेव्हा मोठ्या आवाजात बोलेनासा झाला, तो कायमचाच. "आणि आमची आई," जगन्नाथराव हळूच म्हणाले होते, "तेव्हा एकदा म्हणाली, एक आत गेला, पण बाकीचे तिघे दिवेलागणीला घरात यायला लागले. ती निवांत झाली होती हो बाई. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. श्रीरंगलासुद्धा नाही."

तर त्या फेब्रुवारीतल्या शनिवारी प्रेक्षक आले. नऊ डोकी, म्हणजे हाउसफुल्ल. विषय असा: सभागृहाचे असे मत आहे की, देशाच्या सुरक्षेसाठी नागरिकाने आपल्या खासगी स्वातंत्र्यावर पाणी सोडावे, आणि आपल्या भागातल्या खासदाराने तसे मत दिले ते योग्यच केले. डबी फिरली. जगन्नाथरावांना प्रतिकूल आली, बाईंना अनुकूल.

जगन्नाथराव चांगले बोलले. वहीतली पानं वाचून दाखवली, खासदाराचे हात मोजले, मग भावाबद्दल दोन वाक्यं बोलले. तुरुंगात होता, एवढंच.

मग बाई उठल्या. त्या उठल्या की पाठीचा कणा आपोआप सरळ होई, समोर चाळीस मुली बसल्यासारखा. खासदाराची बाजू त्यांनी अशी मांडली की तो स्वतः असता तर त्यालाही नवीन वाटली असती. आणि शेवटाकडे येताना, तालात आलेल्या गायकाला जशी एक जागा दिसते, तशी त्यांना ती जागा दिसली.

"माझे सन्माननीय प्रतिस्पर्धी तुरुंगातल्या भावाबद्दल बोलले. घरातल्या आईबद्दल बोलले नाहीत. त्यांची आई त्या काळात काय म्हणाली होती? एक आत गेला, पण बाकीचे तिघे दिवेलागणीला घरात यायला लागले! सभागृहाने एका आईची साक्ष ऐकावी!"

टाळ्या. कट्ट्यावरच्या शुभाताईंनी तर संसदेच्या बाकावर बसल्यासारखी टेबलावर थाप मारली.

जगन्नाथरावांना उत्तराची दोन मिनिटं होती. ती त्यांनी घेतली नाहीत. सगळे चहाकडे वळल्यावर ते जवळ आले.

"बाई, हे तुमचं खरं मत?"

"नियम विसरलात वाटतं," बाई हसल्या. टाळ्यांची ऊब अजून अंगात होती. "तो प्रश्न विचारायचा नाही."

"एकदाच विचारतो."

"नियम म्हणजे नियम, जगन्नाथराव."

त्यांनी मान डोलावली. माकडटोपी घातली, हातमोजे एकेक बोट नीट बसवत चढवले, आणि गेले. जाताना वही टेबलावर सरळ करून ठेवली.

रंगभूमीवर खलनायकाचं काम चोख करणाऱ्या नटाला बाजारात लोक शिव्या देतात, आणि तो घरी येऊन बायकोला आनंदानं सांगतो, आज तीन शिव्या मिळाल्या. पण तो नट रोज रात्री खोबरेल तेल चोळून रंग उतरवतो, म्हणून त्याला ते परवडतं. बाईंनी रंग कधी उतरवलाच नव्हता.

मंगळवारी जगन्नाथराव आले नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाहीत. मार्चच्या कट्ट्यावर शुभाताईंनी बातमी आणली, थंडी सोसत नाही म्हणून ते मुलीकडे, आश्लेषाकडे, अ‍ॅरिझोनात चँडलरला गेले. आणि दुसरी सूचनाही आणली.

"बाई, तुमचं ते डिबेट जरा बंद ठेवू या का? माझ्या जावयाची व्हिसाची फाइल अडकलीय. लायब्ररीत बसून गव्हर्न्मेंटवर बोलायचं म्हणजे... नको ना ते पॉलिटिक्स. अंताक्षरी खेळू."

"आपण मराठीत बोलतो, शुभाताई."

"त्यांच्याकडे मराठी कळणारे नसतील कशावरून?"

सगळे हसले, आणि हसत हसत सगळ्यांनी अंताक्षरीला मत दिलं. बाईंची डबी पर्समध्येच राहिली.

एप्रिलभर बाई घरात वाद घालत राहिल्या. राजस आणि सून यामिनी सकाळी शिकागोची गाडी पकडून जात, नात सई शाळेत जाई, घर गरम हवेच्या यंत्रासारखं मंद घुमत राही. बाई ओट्याच्या या टोकाला अनुकूल बोलत आणि सिंकच्या बाजूला जाऊन प्रतिकूल. एकदा सई लवकर घरी आली.

"आजी, who are you fighting with?"

"कुणाशीच नाही गं. तेच तर."

सिंकच्या बाजूला उभं राहिलं की त्यांना हटकून एक जुनी दुपार आठवे. शहात्तर साल, आणीबाणीचे दिवस, शाळेची स्टाफरूम. चित्रकलेच्या विनय सरांना उचलून नेलं होतं. त्यांच्या बायकोला भेट मिळावी म्हणून रेखा नावाची एक तरुण शिक्षिका अर्ज घेऊन सह्या मागत फिरत होती. ती बाईंच्या टेबलाशी आली. बाईंनी कागद वाचला, आणि म्हणाल्या, "रेखा, आज माझ्या वाट्याला सरकारला अनुकूल चिठ्ठी आलीय." त्या हसल्या. रेखा हसली नाही. सहीविना कागद उचलून पुढच्या टेबलाकडे गेली. त्या दिवशी डबी कपाटात होती, वाद नव्हता, चिठ्ठी कुणी काढलीच नव्हती.

मराठी मंडळाच्या डिरेक्टरीत आश्लेषाचा नंबर मिळाला. बाईंनी फोन केला.

"काकू, बाबा झोपलेत."

दोन दिवसांनी पुन्हा केला.

"बाबा वॉकला गेलेत, काकू. सांगते त्यांना."

तिसऱ्या वेळी आश्लेषा जरा थांबली आणि म्हणाली, "काकू, खरं सांगू? त्यांना विचारलं मी. ते म्हणाले, बाईंना सांग, मला बाजू ऐकायची नाही."

त्या संध्याकाळी जेवताना बाईंनी राजसला विचारलं, "फोनवर ठेवलेला निरोप पुसला जातो का रे कधी?"

"आई, तू कुणाला काय निरोप ठेवतेयस?" राजसनं घास खाली ठेवला. "प्लीज. जूनमध्ये इंटरव्ह्यू आहे. त्या कायद्याबिद्याबद्दल फोनवर काही बोलू नकोस. तुझी फाइल आधीच चार महिने चेकिंगमध्ये अडकली होती. इंडियाला करायचाय तो गप्पांचा फोन कर, हे नको."

"मी कोण मोठी लागून गेले, माझं ऐकायला?"

"कुणीही नाहीस. म्हणूनच म्हणतो, गप्प राहा."

तो वाईट बोलला नव्हता. घाबरला होता, एवढंच. बाईंनी त्याला आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झाल्यावर बाईंनी साडी बदलली. निळी नेसल्या. हिंगाची डबी समोर ठेवली, उघडली, आणि दोन्ही चिठ्ठ्या काढून कचऱ्यात टाकल्या. डबीत नुसता वास उरला. फ्रिजवरच्या कागदावर बोलण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता, त्याच्यापुढे सईनं पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती, कारण आजीनं उत्तर बरोबर दिलं होतं.

त्यांनी नंबर फिरवला. चार घंट्या झाल्या. मग आश्लेषाचा इंग्रजी आवाज, निरोप ठेवा म्हणणारा, आणि एक लांब शिट्टी. त्यानंतरची शांतता बाईंच्या ओळखीची होती. घंटा झाल्यावर आणि पहिलं वाक्य बोलण्यापूर्वी सभागृहात असते ती. फरक इतकाच की इथे समोर कोण बसलंय ते दिसत नव्हतं. जगन्नाथराव ऐकतील की नाही, दुसरं कुणी ऐकतंय की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. पाठीचा कणा आज सरळ झाला नाही. त्यांनी ओट्याला धरलं आणि सिंकच्या बाजूला सरकल्या.

"जगन्नाथराव, शैलजा बोलतेय. तुमच्या आईचं वाक्य माझ्याकडे ठेवायला दिलं होतंत, ते मी टाळ्यांसाठी वापरलं. ते माझं चुकलं. तुम्ही एक प्रश्न विचारला होतात, त्याचं उत्तर देते. फोन ऐकणं चूक आहे, श्रीरंगला नेलं ते चूक होतं, आणि आपल्या खासदारानं हात वर केला तोही चूक. हे माझं मत आहे. कुणी चिठ्ठी दिलेली नाही."