कुरुंदवाडच्या मावशींचा आवाज

आमच्या बोलीच्या अभ्यासात एक युक्ती चालते. रेकॉर्डर बंद केला असं सांगायचं आणि चालूच ठेवायचा. यंत्रासमोर लोक पुस्तकातल्यासारखं बोलतात, खरी बोली नंतर येते. कोल्हापुरात वर्षानुवर्षं मी विद्यार्थ्यांना हेच शिकवत आले, तेही मोठ्या तोऱ्यात.

कुरुंदवाडच्या एका मावशींवर मी ती युक्ती वापरली. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेली; आईला अव्वा म्हणायच्या, आणि तिकडच्या बायकांसारखं स्वतःबद्दल 'येतो, जातो' बोलायच्या. "ते बंद कर की, मग सांगतो," त्या म्हणाल्या. मी रेकॉर्डर पालथा ठेवला आणि बंद केला म्हटलं.

"अव्वा मेली तवा मी गेल्तोच न्हाई. भांडण हुतं. दीसभर स्टँडवर बसलो नि माघारी आलो. मालकास्नी सांगिटलं, तिच्या उशाला बसल्तो. कुनाला सांगू नगंस."

मी मान डोलावली.

वर्षभरानं इटलीत, एका सरोवराकाठच्या जुन्या बंगल्यात, देशोदेशीच्या अभ्यासकांची बैठक होती. खिडकीत निळं पाणी, मागे डोंगर. मी हरखूनच गेले होते. माझ्या वीस मिनिटांत मी तोच तुकडा ऐकवला. पडद्यावर इंग्रजी भाषांतर होतं आणि मी त्यांच्या एकेका क्रियापदावर बोट ठेवून बोलत होते. तिथल्याच एका वयस्क बाईंनी विचारलं, हे इथं ऐकवलेलं त्यांना चालतं का? मी बेधडक हो म्हटलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

जेवणाच्या सुट्टीत मावशींच्या मुलाचा फोन आला. "म्हातारी गेली, मॅडम. चार दीस झालं. तुमच्याकडं तिचा आवाज हाय न्हवं? बा लई मागाय लागलाय."

उरलेले तीन दिवस मला सारखं "नगंस" ऐकू येत होतं. जेवताना, जिना चढताना, कुणी पोर्तुगीज बाई काही वाचत असताना. भीती वाटायची, खरीखुरी.

परतल्यावर मी कुरुंदवाड गाठलं. मावशींचे मालक दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यापासून लपवलेली गोष्ट त्यांना ऐकवायची नाही, एवढं मी ठरवलं होतं. म्हणून फोनवर फक्त सुरुवातीचा, 'बंद केला' म्हणण्याआधीचा भाग लावला. "माझे लग्न लहानपणी झाले. आम्ही शेतात काम करत होतो."

त्यांनी फोन कानाला लावून दोनदा ऐकलं. "ही कोन? माझी बायकू अशी बोलतच न्हवती."

"आयच हाय, बा," मुलगा म्हणाला.

"न्हवं. दुसरं काय न्हाय व्हय, बाई?"

दुसरं होतं. अकरा मिनिटं. त्यात ती हुबेहूब त्यांची बायको होती, आणि त्या गुपिताखेरीज एक वाक्य नव्हतं. वीस परक्यांनी ते ऐकलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी फोन परत दिला. "चुकून दुसऱ्या कुनाचं आनलंसा," म्हणाले, आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.