गुळाच्या पाण्याची नळी

सांगलीच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, त्या हिवाळ्यात माझं कशातच चित्त लागत नव्हतं. आटपाडीहून वडिलांचा, म्हणजे आबांचा, निरोप आला होता. रविवारी पाहुणे मला बघायला येणार, शनिवारी न्यायला येतो. मुलगा तलाठी होता. नाही म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं आणि तेच मला सलत होतं. आमच्या भावकीत कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. आम्ही बौद्ध झालो तेव्हा आबा लष्करात होते. सुटीवर आल्यावर त्यांनी आईला बजावलं होतं, पोरीची शाळा सोडवायची नाही. आता त्यांनाच माझ्या लग्नाची घाई झाली होती.

त्याच आठवड्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांनी आम्हाला एक प्रयोग दाखवला. वाळलं गवत पाण्यात भिजवून त्यात वाढलेले जिवाणू त्यांनी काचपट्टीवरच्या थेंबात घेतले. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत मांसाचा अर्क भरला आणि तिचं तोंड त्या थेंबात टेकवलं. मायक्रोस्कोपमधून पाहिलं, तर सैरावैरा पळणारे ते बारीक जीव हळूहळू नळीच्या तोंडाशी गोळा झाले.

"सर, यांना डोळे नाहीत, नाक नाही. मग कळतं कसं?" मी विचारलं.

"अजून कुणालाच धड ठाऊक नाही," सर म्हणाले. "परदेशात काही लोक त्याच्या मागं लागलेत."

त्या उत्तरानं माझी उरलीसुरली झोप उडाली. होस्टेलात ताट पुढं घेऊन बसायची आणि अर्ध्यावर उठायची. अर्काऐवजी गूळ घालून बघावं असं मनानं घेतलं. सांगलीत गुळाला काय तोटा! बाजारातून खडा आणून विरघळवला. पहिल्या दिवशी काहीच घडलं नाही. पाणी फार दाट झालं होतं, जवळ गेलेले जिवाणू थंडच पडत. मग पाणी पातळ केलं. आणि नळीपाशी अशी झुंबड उडाली की मी ओरडूनच सरांना बोलावलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "नळीच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा अडकलाय. हे जिवाणू हवेकडंही धावतात. आता हे गुळासाठी आले की हवेसाठी?"

मी पुन्हा डोळा लावला. बुडबुडा होताच. माझे कान तापले.

"नुसत्या पाण्याचीही एक नळी लाव," ते म्हणाले. "आणि बुडबुडा दोन्हींत नको."

शनिवारी दुपारी कुठं मला दोन नळ्या बिनबुडबुड्याच्या भरता आल्या. त्या लावून बसते न बसते तोच आबा प्रयोगशाळेच्या दारात उभे. अंगात लष्करातला कोट, हातात पिशवी.

"आटप बाय. गाडी सुटंल."

"आबा, जरा थांबा."

"जरा म्हंजी किती?"

"तेच सांगता येत न्हाई."

ते स्टुलावर ताठ बसले. उठले. व्हरांड्यात जाऊन आले. त्यांच्या बुटांचा आवाज माझ्या मानेवर येत होता. पाण्याच्या नळीपाशी जिवाणू येत होते, जात होते, थांबत कुणीच नव्हतं. गुळाच्या नळीपाशीही आधी तसंच. मी डोळा काढला, पुसला, परत लावला. मग तिच्या तोंडाशी धुरासारखं काहीतरी दाटू लागलं आणि दाटतच गेलं. बुडबुडा कुठंही नव्हता.

मी आबांना बोलावलं. नेम धरावा तसा एक डोळा मिटून ते वाकले.

"ह्ये जित्तं हाय?"

"व्हय."

"आन् हितं गूळ हाय ह्ये त्यास्नी कुनी सांगितलं?"

"कुणीच न्हाई. त्यांचं त्यांनाच कळतं. कसं, ते अजून कुणाला माहीत न्हाई."

"तुज्या सरांस्नी बी?"

"त्यांना बी न्हाई."

आबा पुन्हा वाकले. ते उठले तेव्हा गाडी केव्हाच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. विटा गाव मागं पडल्यावर आबा एकदम म्हणाले, "त्ये शोधून काडायचं म्हंजी कुटं शिकावं लागतं?"

"पुण्याला. अजून दोन वर्सं."



घरी पाहुणे येऊन बसले होते. आबांनी पिशवी ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं, "पोरगी आजून दोन वर्सं शिकनार हाय. थांबत आसाल तर बगा."

पाहुण्यांनी चहा घेतला. थांबायचं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मुलाचं लग्न त्याच उन्हाळ्यात दुसरीकडं झालं. आई संतापली. "आवं, त्या काचंत आसं काय बगितलं तुमी?" आबा तिला सांगू गेले. बोटांनी जमिनीवर काहीतरी पळवून दाखवलं, मग हात मागं घेतला. "तू बगितलं न्हाईस," एवढंच म्हणाले.

जूनमध्ये मी पुण्याला निघाले. आपण तरी काय शोधणार, उगाच सगळ्यांना ताटकळत ठेवलं, असं राहून राहून वाटत होतं. आई स्टँडवर आली नाही. आबांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि गाडी हलेपर्यंत ते खाली येरझाऱ्या घालत राहिले.