नंबर पडलेला कागद

कचेरीतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या इंदूरच्या रेकॉर्ड सेक्शनमधले तर निम्मे भीतीचेच! संस्थान जाऊन इंदूर-ग्वाल्हेर मिळून मध्यभारत राज्य झालं होतं. जादा कारकुनांची ग्वाल्हेरला बदली होणार, ही बातमी रोज चहाबरोबर यायची. त्यातच पहिली निवडणूक आली.

* * *

आमचे हेडक्लार्क बापूसाहेब. तीस वर्षांत एक कागद गहाळ नाही! कुणीतरी सांगितलं, मतपत्रिकेवर नंबर छापलेला असतो. बापूसाहेबांचा चेहराच उतरला.

"नंबर? नंबर पडलेला कागद मी पंधरा मिनिटांत काढून दाखवतो. सरकारला किती वेळ लागेल?"

आम्ही हसलो. मग एकेकाने आपापली फाईल पुढे ओढली. कारण बापूसाहेब खरंच काढून दाखवायचे.

* * *

आमचा चपराशी गेंदालाल. मत दिल्यावर बोटाला शाई लावतात, हे ऐकूनच तो मागे सरकला.

"अपन नहीं जा रिये, भिया! एक बार अँगूठे पे स्याही लगवाई थी, तो जमीन गई. अब उँगली माँग रहे हैं!"

* * *

टायपिस्ट जोशींच्या घरी मतदारांची नावं लिहायला माणूस आला. वहिनी दाराआडून म्हणाल्या, "नानाची आई, असं लिहा."

"ऐसे नाम कट जाते हैं, बाईजी."

"कटू दे! आज नाव विचारतात, उद्या काय विचारतील कोण जाणे."

नाव खरंच कटलं. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला.

* * *

मी मात्र गेलो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पडद्यामागे ओळीने मांडलेली. मी कागद टाकला आणि मला वाटलं, आवाज झाला! बाहेर बसलेल्या माणसाला कळलं असेल का, डावीकडची पेटी की उजवीकडची? खोटं कशाला सांगू, आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

* * *

बापूसाहेब मतदानाच्या दिवशी घराला आतून कडी लावून बसले. "कागदच हातात घेतला नाही, तर नंबर कुठला!"

दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरकडचे आमचे साहेब सेक्शनमध्ये आले.

"सबने वोट दिया? उँगली दिखाइए!"

गेंदालाल माठ भरायला सटकला. आम्ही एकेक बोट पुढे केलं. बापूसाहेबांचं बोट कोरं! त्यांचा हात टेबलाखाली गेला. शिक्क्याच्या पॅडचं झाकण वाजलं, ते फक्त मला ऐकू आलं. हात वर आला तेव्हा बोट जांभळं झालं होतं.

साहेब खूश झाले. "शाबाश, बापूसाहेब! किसको दिया?"

सेक्शनमध्ये सगळे टाक थांबले. बापूसाहेब उठून उभे राहिले. त्यांचं जांभळं बोट अजून वरच होतं.

"सर," ते म्हणाले, "ग्वालियर में ठंड बहुत पड़ती है क्या?"